आत गेल्याचा शिक्का

बसा शहनाझताई. लाईट गेलीय, पण हा चार्जिंगचा दिवा तासभर पुरेल. फोन मध्ये ठेवा, रेकॉर्ड होऊ दे. तुम्ही मुंबईहून इतक्या लांब चिपळूणला आलात ते माझा पासपोर्ट बघायला. मी त्या खाणीवर कधी गेलेच नव्हते, हे सांगणारी एवढी एकच वस्तू माझ्या हातात आहे, असं मीच तुम्हाला फोनवर म्हटलं होतं. देते. पण आधी त्या शुक्रवारचं ऐकून घ्या. तुमच्या संस्थेच्या अहवालात ते लिहिता येणार नाही, ठाऊक आहे मला. तरीही ऐका.

मी मुळात भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. म्हणून दुबईत नोकरी लागली तेव्हा आईला माझीच काळजी जास्त वाटत होती. पण तिकडे विल्माताई होत्या. वसईच्या. बावीस वर्षं दुबईत, आमच्या सोनं शुद्ध करणाऱ्या कंपनीत कागदपत्रांच्या विभागाच्या प्रमुख. अल मनखूलमधली माझी शेअरिंगची खोली त्यांनीच शोधून दिली. पहिल्या ईदच्या सुट्टीत मी एकटी रडत बसले होते, तर गाडी घेऊन आल्या आणि डिस्कव्हरी गार्डन्सला घरी घेऊन गेल्या. "माझी थोरली पोर समज स्वतःला," म्हणाल्या. मी समजले.

काम असं होतं. आफ्रिकेत लोक हातानं खणतात. कुदळ, टोपली, दोरी, बस्स. पुरुष खड्ड्यात उतरतात, बायका ती माती परातीत घेऊन पाण्यात धुतात. त्यातून निघालेलं सोनं व्यापाऱ्यांच्या हातून फिरत कच्चे गोळे होऊन विमानानं आमच्याकडे येतं. पुढे युरोपातला गिऱ्हाईक विचारतो, हे कुणी खणलं? लहान मुलं होती का? बायका उघड्या हातांनी पारा कालवतात का? खड्ड्याच्या भिंतींना टेकू आहेत का? या सगळ्याची एक फाईल लागते. शेवटच्या पानावर, 'मी स्वतः खाणीला भेट दिली' याखाली सही. खाणीवर आमचा तिकडचा माणूस जायचा, फोटो पाठवायचा. फाईल मी करायचे. सही विल्माताईंची.

फेब्रुवारीत मी दहा दिवस घरी येणार होते. निघायच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "बाय, आता हे पान तुझ्या नावानं करूया. प्रमोशनला बरं पडतं. वीसेक कोऱ्या पानांवर सह्या करून जा, फायली अडकायला नकोत."

"पण मी कुठे गेलेय खाणीवर?"

"मी तरी कुठे गेलेय? यल्ला, चल, फ्लाईट पकड."

वीस पानं. एम.कॉम. झालेली मुलगी, शहनाझताई. वीस कोऱ्या पानांवर निळ्या पेनानं, नीट, एकाखाली एक.

आणखी एक सांगते, ते लपवायचं नाही. जानेवारीतच दोन वेगळ्या खाणींच्या फोटोंत मला एकच बाई दिसली होती. पिवळा डोईचा रुमाल, त्यावर निळी पानं. परातीवर वाकलेली, पाठमोरी. मी विचारलं, तर विल्माताई हसल्या. "एकाच छापाचं कापड तिकडे शंभर बायका बांधतात गं. तू फार बघत बसतेस." मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. पण तिची वाकण्याची तऱ्हा माझ्या लक्षात राहिली. आई तांदूळ रोळते ना, डावा खांदा थोडा खाली टाकून, हुबेहूब तशी.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी बातमी आली. फोटोतल्या त्या दोनपैकी एका खाणीची भिंत खचली. खाली माती धुणाऱ्या अकरा बायका गेल्या. विल्माताई शांत होत्या. "सोमवारी ऑडिटर येतील. तू नको टेन्शन घेऊ, मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, अर्धा दिवस, तोही सगळ्यांनी घरूनच काम करायचा. बाराच्या सुमारास त्यांचा फोन. "पासपोर्ट घेऊन ऑफिसला जा, फाईलच्या खोलीतल्या माझ्या ट्रेमध्ये ठेव. व्हिसा रिन्यूअलला टाकायचाय. ठेव आणि लगेच नीघ. फायलींना हात लावू नकोस, मी लावून ठेवल्यात."

साधं काम. मी टॅक्सीनं निघाले. वाटेत पासपोर्ट उघडून एकेक पान चाळलं, सवय आहे मला, गॅस बंद केला का ते तीनदा बघते तशी. आठव्या पानापर्यंत मुंबई-दुबईचे शिक्के. नवव्यापासून कोरा. हे नीट लक्षात ठेवा.

तिकडची उन्हाळ्यातली दुपार तुम्हाला ठाऊक नसेल. त्या वेळात उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते. सगळा इंडस्ट्रियल एरिया थिजल्यासारखा. क्रेन थांबलेल्या, शटर खाली, सावलीला कुत्रंसुद्धा नाही. इतक्या लख्ख उजेडात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आपल्याकडे भर दुपारी बाराला पाणंदीनं जाऊ देत नाहीत ना, ते आठवलं आणि उगाच मागे वळून पाहिलं.

दारात रामचंद्रकाका होते, वॉचमन. कुडाळचे.

"काय गे बाय? आज अर्धो दिवस ना?"

"पाचच मिनिटं काका. ट्रेमध्ये काहीतरी ठेवायचंय."

"जा, जा. आत ती तुझी बाय आसाच."

"कोण?"

"माका काय म्हाईत? विल्मा मॅडम सकाळी येवन गेली, तिनाच कोणतरी साफसफाईक आणल्यान असात. सकाळपासून धुता हा. आवाज येता." मग आवाज उतरवून म्हणाले, "पाणी मात्र सकाळपासून बंद आसा गे. टाकी साफ करतत."

मला तेव्हाच परतायला हवं होतं. पण विल्माताईंचं काम होतं.

एसी बंद होता. कॉरिडॉरमध्ये गरम, कोंदट हवा, आणि वास. आमच्या ऑफिसला धातूचा, ॲसिडचा वास असतो. हा तसा नव्हता. विहीर उपसताना तळाचा गाळ वर येतो, त्याचा वास होता.

फाईलच्या खोलीत गेले. ट्रेशेजारी त्या खाणीची फाईल उघडीच पडली होती. हात लावू नकोस म्हणाल्या होत्या. मी लावला.

शेवटचं पान माझ्या सहीचं. तारीख चौदा मार्च. 'खड्ड्याच्या भिंती सुरक्षित आहेत. खाली बायका काम करत नाहीत. मी स्वतः पाहिले.' चौदा मार्चला मी कुठे होते सांगू? विल्माताईंच्या घरी. त्यांच्या लेकीचा, ॲमंडाचा वाढदिवस होता. फुगे मी फुगवले होते, केक त्यांनी स्वतःच्या हातानं मला भरवला होता.

त्यामागे माझ्या पासपोर्टची झेरॉक्स. पान अकरा. त्यावर त्या देशात आत गेल्याचा शिक्का, चौदा मार्चचा. कॉम्प्युटरवर केलेला असणार. तेव्हा कळलं, आज मूळ पासपोर्ट का हवा होता. कोरं पान कुणाला दिसायला नको होतं.

आणि सगळ्यांत वर एक पत्र, गुरुवारच्या तारखेचं. 'आमच्या अधिकारी दर्शना यांनी प्रत्यक्ष भेट देऊनही आमची दिशाभूल केली. त्या नोकरी सोडून भारतात निघून गेल्या आहेत.' गुरुवारी, शहनाझताई. गुरुवारी मी मनखूलमध्ये वरणभात लावत होते.

त्यांना फोन लावला. उचलला नाही. घरच्या नंबरवर लावला. ॲमंडानं उचलला.

"ॲमंडा, बाळा, मम्मीला दे ना."

मागे कुजबुज. मग ती म्हणाली, "मॉम सेज शी इज नॉट होम."

नऊ वर्षांची पोर. खोटं सांगताही येत नव्हतं तिला. मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले, कट झाल्यावरही. आणि त्या शांततेत ते ऐकू आलं.

सळ्ळ... सळ्ळ... सळ्ळ... आणि मध्येच बारीक टक्. खडा तळाशी बसतो ना, तसा.

कुणीतरी तांदूळ रोळत होतं.

आवाज पलीकडच्या सॅम्पल रूममधून येत होता, सोन्याचे नमुने तपासतात तिथून. मध्ये काचेची भिंत आहे. मला बघायचं नव्हतं. पण बाहेर पडायचा रस्ता त्या काचेवरूनच जातो, येताना मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

सिंकपाशी एक बाई वाकून उभी होती. पाठमोरी. पिवळा रुमाल, निळी पानं, डावा खांदा खाली. रुमाल ओला होऊन डोक्याला चिकटलेला. नळ बंद होता, तरी परातीतलं पाणी हलत होतं. तांबडं पाणी काठावरून सांडत होतं. तिच्या अंगावर, मानेवर, कोपरांवर माती होती. लागलेली नाही... दाबून बसवल्यासारखी.

तोंडातून कसंबसं निघालं, "मी... मी आले नव्हते हो तिथं."

हात थांबले. ती ऐकत होती. मान वळवली नाही, फक्त थोडी कलती केली.

"ती सही कोऱ्या पानावरची... मी कधी आलेच नाही..."

मला वाटलं, आता वळेल. वळली नाही. तिनं काय केलं सांगू? सरकली. सार्वजनिक नळावर आपण दुसरीला जागा करून देतो ना, तशी पावलभर बाजूला सरकली. सिंकपाशी एका माणसापुरती जागा झाली. तिथं दुसरी परात होती. माती भरलेली. आणि पुन्हा सुरू... सळ्ळ... सळ्ळ...

रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला काही उत्तर तरी देता येतं. ती मला ओळखत होती, ताई. आपल्यातली एक उशिरा आली, म्हणून जागा दिली.

मी कशी पळाले आठवत नाही. पासपोर्ट मात्र मुठीत घट्ट धरला होता. बाहेर रामचंद्रकाका उठून उभे राहिले. "काय झाला गे?" त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे गेले. सँडलसकट पाय घोट्यापर्यंत तांबड्या चिखलानं भरले होते.

काचेच्या आत मी पाऊल टाकलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते. टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या फ्लाईटनं निघाले. खोलीतलं सामानसुद्धा तिथंच राहिलं. पत्रात विल्माताईंनी लिहिलं होतं तसंच झालं की, नोकरी सोडून भारतात. त्यांचा मेसेज आला होता, 'टेक केअर बाय, गॉड ब्लेस.' विमानात तो मी किती वेळा वाचला असेल! अजून डिलीट होत नाही माझ्याकडून. केक भरवतानाचा त्यांचा चेहरा आठवतो. तो चेहरा खोटा नव्हता हो. तेच मला सगळ्यात जास्त लागलंय.

दुबई एअरपोर्टवर माझ्या डोळ्यांसमोर दाखवला तेवढा सोडला, तर पासपोर्ट पूर्ण वेळ माझ्या पर्समध्ये होता. विमानात पर्स मांडीवर. एकदाही कुणाच्या हातात गेली नाही.

मुंबईला इमिग्रेशनच्या काऊंटरवर एक वयस्कर साहेब होते. शिक्का मारायला जागा शोधत त्यांनी पानं उलटली आणि थांबले. चष्मा वर केला.

"आफ्रिकेत गेला होतात?"

"नाही साहेब."

"मग हा काय?"

पान अकरा होतं.

झेरॉक्स नव्हती, ताई. खरं पान, खरा शिक्का. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि रुमालाला पुसलं. मग पुढची पानं चाळली, मागची चाळली. अगदी शेवटच्या पानापर्यंत गेले. मागे लाईन खोळंबली होती.

"आत गेल्याचा आहे," ते हळूच म्हणाले. "बाहेर आल्याचा कुठंय?"

मग त्यांनी घाईनं आपला शिक्का मारला आणि पासपोर्ट काऊंटरवरून सरकवला. हातात दिला नाही.

तर आता घ्या हा. दिवा जवळ ओढा. तुम्हाला पुरावा हवा होता ना, मी तिथं गेले नव्हते याचा... मी रोज सकाळी उठून पुन्हा सगळी पानं बघते. तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले असतील. बघा, कुठे सापडतो का बाहेर आल्याचा.

आणि पान अकरा उलटताना जरा जपून. ते अजून ओलं आहे.