एका कांद्याचे अनेकवचन

फिलिपिन्समधल्या बोंगाबोनच्या बाजारात आईच्या कांद्याच्या ढिगाआड बसून रोसेंडा स्पॅनिशची उजळणी करीत होती. पंधरवड्यावर तोंडी परीक्षा आली होती. ती उत्तीर्ण झाली, तरच माद्रिदची नोकरी मिळणार होती.

"एक सिबुयास…" हातातल्या कांद्याकडे पाहत ती पुटपुटली.

"सेबोया," समोरचे गिऱ्हाईक म्हणाले. "शेवटी 'स' आला की पुष्कळ कांदे."

तिने मान वर केली. काटकुळा तरुण, चष्म्यावर अवकाळी पावसाचे थेंब.

"आमच्या बोलीत एकालाही सिबुयासच म्हणतात. तुम्ही काय चंद्रावरून उतरलात?"

"जवळच्याच कबनातुआनहून. स्पॅनिश शिकवतो. स्पॅनिश लोक 'सेबोयास' म्हणायचे, म्हणजे कांदे. आपल्या माणसांनी एका कांद्यालाही तेच नाव दिलं. मुळ्याचं, बटाट्याचं तसंच."

"मग तेव्हाच टोकायचं त्यांना. माझ्यावर कशाला राग काढता?"

तो हसला, आणि त्याने एकच कांदा घेतला.

त्याचे नाव आन्सेल्मो. पुढे तो रोज संध्याकाळी येई, तासभर शिकवी, एक कांदा नेई. "या माणसाच्या घरी स्वयंपाक होतो की नुसती फोडणी?" आई विचारी, रोसेंडा मान खाली घालून कांदे निवडीत राही.

परीक्षेच्या सकाळी तो बसथांब्यावर आला. मनिलाची बस सुरू होऊन घरघरत होती.

"ऐका," ती म्हणाली. "एक सेबोयास."

तो बसच्या पाटीकडे पाहू लागला.

"चुकलं ना? टोका की."

"टोकलं, तर पास होशील."

चालकाने भोंगा वाजवला. आन्सेल्मोने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सेबोया," शेवटी तो म्हणाला. "एक असेल तर सेबोया. नीट म्हण."

"सेबोया." ती पायरीवर चढली. अजून काही बोलेल, म्हणून दाराची दांडी धरून उभी राहिली.

"रोसेंडा… एकटी जाऊ नकोस."

"म्हणजे जाऊ नको?"

"तसं नाही. जोर 'एकटी'वर आहे. माद्रिदला मलाही शिकवणी मिळेल… तू म्हणालीस तर अर्ज करतो."

बस हलली. तो दाराला धरून चालू लागला. मग चालणे पुरेना.

"कर," ती म्हणाली. "पण तिथे कांदे तू आणायचेस. मी मागताना चुकेन."