निळ्या रंगाखालची बॅट

बॅटच्या पात्यावर रंगाचे तीन थर होते: वर निळा, मध्ये पिवळा, तळाशी पांढरा. पाच स्टिकर. हँडलवर एकावर एक दोन रबरी ग्रिप. कडेला पुट्टी भरून बुजवलेली एक भेग. कोरी म्हणून आणलेल्या बॅटला दोन ग्रिप कशाला, असं मी काकाला विचारलं, तेव्हा त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

शनिवारी बारकीची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, निवड चाचणी होती. रंगवलेलं पातं चालणार नाही, असं प्रशिक्षकांनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. दुसरी बॅट मिळण्यासारखी नव्हती. ‘मी आणतो’ म्हणून काकानेच मिरवलं होतं, आणि आणली ही. वर म्हणाला, पोरीच्या जातीला एवढी पुरे, खेळून काय दिवे लावणार आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली, ती उतरलीच नाही.

बुधवारी जिन्याखाली बसून फुटक्या काचेच्या कडेने मी पातं खरवडायला घेतलं. निळा रंग पापुद्र्यांनी सुटला. पिवळा मऊ होता. पांढरा ओला होता, बोटाला लागत होता. सर्वांत जुना थर सर्वांत ओला असू शकत नाही. हलका माल, दुसरं काय, असं म्हणून मी तो पुसून काढला.

लाकूड कोमट लागलं. घासल्याने उष्णता निर्माण होते, म्हणून मी तासभर हात लावला नाही. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेला, न टेकवता तापमान दाखवणारा थर्मामीटर रोखला. तुलनेसाठी शेजारी स्टंप ठेवला होता. स्टंप २४.२. बॅट ३१.०.

काका जिना उतरून आला. हात पाठीमागे बांधलेले.

“तेवढ्यावर थांब. परत रंग दे तिला.”

“का?”

“दुकानदाराने बजावलं होतं, रंग काढू नका म्हणून.”

“आणि हे आत्ता सांगतोयस? झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच ना, काका?”

बॅटकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

मी दात खाऊन सँडपेपर चालवला. आधी जाड, मग बारीक. जवसाचं तेल दोन चमचे लावलं. लाकडाने ते बघता बघता पिऊन टाकलं. ३४.६. आकडा वहीत लिहिला. त्याचा अर्थ लावायला मी बसले नाही. लावला असता, तर काका खरा ठरला असता.

शुक्रवारी मेण लावून चकाकी आणली. ३६.४. बारकीने बॅट हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

“ताई, कोणाचा तरी हात धरल्यासारखं वाटतं.”

शनिवारी तिने गोलंदाजांना फोडून काढलं. यादीत पहिलं नाव तिचं. काका कुंपणापाशी उभा होता. मी मुद्दाम त्याच्याकडे वळून पाहिलं.

बारकी परत आली. ग्लोव्ह्ज काढले, पण बॅट सोडेना.

मी तिची बोटं एकेक करून उकलली.

“ताई, ऊन गेलं का गं?”

भर दुपार होती.

मी पिशवीतून थर्मामीटर काढला.

हवा ३१.२. बॅट ३७.०. तिचा तळवा १९.४.