टीपकागदावरचा उजवा हात

नको, आतल्या खोलीत नको, इथेच बसा. अंधार वाटत असेल तर दिवा जवळ ओढून घ्या. रंगीत शाया वापरून बघायच्यात म्हणालात म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी कुणापाशी काढत नाही. आणि मधे मधे ‘अहो, काय सांगता!’ करू नका. मला त्याची चीड येते.

माझं काम चित्रांचं. शाळेच्या पुस्तकांत बेडूक, पाण्याचा पंप, माणसाचं हृदय असं जे बारीक रेघांनी काढलेलं असतं, ते मी काढायचो. हातावर पोट म्हणतात ते अगदी अक्षरशः. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, त्याच खोलीत शिवणकाम करायची. खिडकीच्या एका बाजूला माझं टेबल, दुसऱ्या बाजूला तिचं पायाने चालवायचं मशीन. दिवसभर मशीन आणि ताईचं तोंड, दोन्ही चालू. आधी कुठलं थांबतं याची मी वाट बघायचो.

नवी शाई आली की माझी एक ठरलेली पद्धत होती. पेन धुऊन पुसून भरायचं. शाईचं नाव त्याच शाईने लिहायचं. मग आडव्यातिरक्या रेघा मारून सावली कशी पडते ते बघायचं, ओला कुंचला फिरवून आत दडलेले रंग बाहेर काढायचे. आणि शेवटी एक हात काढायचा. डावा. कारण उजव्यात पेन असतं! डावा समोर टेबलावर पडलेला असतो, फुकटातला मॉडेल, ना हलतो ना चहा मागतो. चित्र काढणाऱ्या कुणाचंही कपाट उघडा, आत डाव्या हातांचा ढीग मिळेल.

त्या दुपारी शायांचं खोकं आलं. जांभळी, शेवाळी, विटकरी, राखाडी, सगळ्या मी मागवलेल्या. खाली कापसात एक जास्तीची बाटली होती. तिच्यावर चिठ्ठी नाही, नाव नाही.

“फुकट ते पौष्टिक,” ताई म्हणाली. “घे भरून. तुझी आज दिवाळी.”

“नाव नसलेल्या शाईचं नाव काय लिहू?”

“माझं लिही. नाहीतरी कुठे छापून येणारे!”

मी नाव लिहिलंच नाही. सरळ हात काढायला घेतला. शाई काळपट तांबडी, कलेजीच्या रंगाची. रेघ जिथे जाड पडेल तिथे कडेला हिरवट झाक. वास लोखंडाचा. पण काय वाहत होती म्हणून सांगू! इतकी गुळगुळीत रेघ मी जन्मात ओढली नव्हती. नखं, सांध्यांवरच्या सुरकुत्या, मनगटाकडे जाणाऱ्या शिरा, हाताची मागची बाजू झरझर उतरत गेली. मी खुशीत शीळ वाजवत होतो. ताई म्हणाली, “मेल्या, तोंड बंद कर, माझी शिवण वाकडी जाते.”

पण शाई वाळेना. मी फुंकर मारली, कागद उन्हात धरला, काही नाही. रेघा तशाच ओल्या, चमकत्या. ताई पांढऱ्या कोटांची मोठी ऑर्डर शिवत होती, कापड माझ्या टेबलापर्यंत पसरलेलं. ती वैतागून उठली. “माझ्या पांढऱ्यावर एक थेंब पडला ना, तर तुलाच धुवायला बसवीन.” तिने टीपकागद घेतला, चित्रावर पालथा घातला आणि उजवा तळवा रेटून दाबला. चांगला जोर लावून दाबला. मग कागद उचलून तसाच पालथा मशीनशेजारी ठेवून दिला.

चित्र मात्र होतं तसंच. एक रेघ फिकी झाली नाही.

मी आणखी थोडी सावली भरायला गेलो. अंगठीच्या बोटावर निब अडकली, कागद जरासा फाटला. त्याच क्षणी माझ्या खऱ्या बोटाला चिरल्यासारखं झालं. बघतो तर त्याच जागी लांबट चीर, आणि रक्त. कागदाने कापलं असेल म्हटलं. बोट तोंडात घातलं आणि सवयीने ओला कुंचला उचलला. करंगळीच्या रेघेवरून फिरवला.

करंगळीची कातडी सुटली हो. उकडलेल्या बटाट्याची सुटते तशी, नखासकट, सरकत खाली आली. दुखणं नंतर आलं. आधी मी नुसता बघत राहिलो. मग गुरासारखा ओरडलो.

ताई धावली. तिने माझं बोट पाहिलं, कागद पाहिला, परत बोट पाहिलं. माझ्या बहिणीला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

“जाळू का तो…?” ती कुजबुजली.

“नको! हात लावू नकोस… कात्री लांब कर. पाणी लांब कर.”

दोघांनी मिळून तो कागद टोकाला धरून टेबलाच्या खणात ठेवला. कुलूप घातलं. किल्ली ताईने कमरेला खोवली. मग कुठे माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, डावा तर डावा. उजवा शाबूत आहे ना? उद्या बेडूक काढता येईल, ताईच्या जिवावर बसून खावं लागणार नाही. एवढंच मला हवं होतं, खरं सांगतो.

मी मोरीत करंगळीवर पाणी सोडत उभा राहिलो. घाबरली की ताई काम शोधते, जित्याची खोड. तिने मशीनला तेल घातलं. तेल घातल्यावर आधी एखाद्या रद्दी तुकड्यावर बिनधाग्याचं शिवून जास्तीचं तेल जिरवायचं, मग चांगलं कापड घ्यायचं, ही तिची पद्धत. तेल जिरवायला टीपकागदाइतकं चांगलं काय असणार?

मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. खट.

उजव्या तळहातात खिळा ठोकल्यासारखं झालं. खट, खट, खट. मी हात वर केला. डोळ्यांदेखत हातात भोकं पडत होती, एकामागे एक, शिवणीच्या सरळ रेषेत, बोटांच्या मुळापासून मनगटाकडे. प्रत्येक भोकातून रक्ताची बारीक पिचकारी.

मला आधी कळेचना. चित्र डाव्या हाताचं, ते कुलपात! आणि मग लख्ख कळलं. डाव्या हातावर कागद दाबला, की कागदावर उमटतो तो उजवा. शाळेतल्या पोराला कळेल एवढी गोष्ट. आयुष्यभर मी टीपकागद वापरले, आणि मला सुचलं नाही!

“ताई, थांब! ताईऽ!”

मशीनच्या आवाजात तिला काही ऐकू येईना. मी धडपडत खोलीत शिरलो, भिंतीला रक्ताचा पट्टा उमटवत. तिने मान वर केली. हात पाहिला. सुईखाली पाहिलं. पाय थांबले, पण सुई खालीच अडकली होती, कागदात रुतून.

“चाक…” मी म्हणालो. “ताई, चाक हळू उलटं फिरव… ओढू नकोस…”

तिने ऐकलं असेल. पण समोर भावाचा हात असा गळत असताना कुणाचं डोकं जागेवर राहतं? तिने दोन्ही हातांनी कागद धरला आणि जिवाच्या आकांताने ओढला.

कागद मनगटावर फाटला.

तो आवाज मी सांगणार नाही. टीपकागद जाड असतो, सावकाश फाटतो. हात जमिनीवर पडला, बोटं वर करून, आणि थोडा वेळ ती हलत होती. ताईने तो उचलून पांढऱ्या कोटात गुंडाळला. का ते तिलाही ठाऊक नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “मशीनमध्ये गेला का?” मी हो म्हणालो. ते बराच वेळ जखम बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “मशीन असं ओढून तोडत नाही… कुणी तोडला?” ताई भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी म्हणालो, मशीनच होतं. आणि मला ते पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं.

घरी आलो तर खोली तशीच होती. मी दवाखान्यात असताना ताई आत पाऊलही टाकत नव्हती. सुई खालीच, तिच्याखाली टीपकागदाचा फाटका तुकडा. मला तो बघायचा होता. माझाच हात होता ना तो, शेवटचं बघावं म्हटलं. ताई माझ्यामागे दाराला धरून उभी राहिली.

मी हाताची मागची बाजू काढली होती. नखं, शिरा, सांधे. कागदावर आता नखं नव्हती. हात उलटा झाला होता, तळवा वर करून. शाई ओलीच. तळव्यावर भाग्यरेषा, आयुष्यरेषा, सगळं बारीक काढलेलं, मला कधी साधलं नसतं इतकं सुरेख. आणि अंगठ्याच्या उंचवट्यावर एक तिकोनी डाग.

“ताई,” मी म्हणालो, “तुझा हात दाखव.”

तिने दाखवला नाही. पदराखाली लपवला. पण इस्त्रीने भाजल्याचा तिचा तो डाग मी लहानपणापासून बघतोय, मला बघायची गरज नव्हती.

सुई त्या तळव्यात उभी आहे. वर काढायची तर चाक फिरवावं लागतं, आणि चाक कुठल्याही बाजूला फिरवलं तरी सुई आधी खाली जाणार की वर, हे तेलाने घसरत असलेल्या मशीनचं कोण सांगणार? चाकाला मी दोरी बांधून ठेवली आहे. ताई आता हाताने शिवते. दोघांचं पोट तिच्या त्या एका उजव्या हातावर आहे.

आत नका जाऊ म्हटलं ते एवढ्यासाठी. तुम्ही यायच्या जरा आधी मी दोरी बघून आलो. गाठ पक्की आहे. फक्त चाक पुढे सरकलं आहे, अगदी थोडं.

ऐकलंत? ती ताईच आहे. घाबरू नका, सध्या तिला मधेच असं कळवळायला होतं.