चांदकड्याचा फितूर

सकाळी साडेदहाला श्रीरंग दाभोळे दफ्तरखान्याच्या तळमजल्यावर पोचला, तेव्हा मुमताज मुजावर यंत्रात एक काळपट ढेप ठेवत होती. ते कागदांचं बाड होतं. दोनशेहून अधिक वर्षं माळ्यावर भिजत-वाळत त्याची पानं अशी चिकटली होती की उलगडू गेलं तर नुसता भुगा हाती आला असता.

"उलगडायचंच नाही," मुमताज म्हणाली. "क्ष-किरण आरपार जातात. शाई बसलेल्या जागी कागद अगदी किंचित फुगलेला असतो. यंत्र तेवढं ओळखतं, एकेक पदर सुटा करतं आणि मोडी वाचून देतं."

म्हणून त्याला पदरवाचक म्हणत. दोन वर्षांत अशी यंत्रं जिल्ह्याजिल्ह्यात आली होती आणि लोक पिशव्या भरभरून घरातली बाडं आणून देत होते.

श्रीरंगला हवं होतं फक्त मोडीचं एक देखणं पान, नव्या भागाच्या मुखपृष्ठासाठी. त्याची 'पवनकेशर' ही जिवंत चित्रकथा घरोघरी पोचली होती. चष्मा चढवला की वाचक थेट चांदकडा किल्ल्याच्या वेढ्यात उभा राहायचा. किल्लेदार हैबतराव म्हणजेच पवनकेशर. वाऱ्यावर स्वार होऊन तो हजार फुटी कड्यावरून झेपावे आणि शत्रूच्या छावणीवर कोसळे. त्याच्या वाटेत आडवा येई पहारेकरी गोंदजी खरवत. मिचमिचे डोळे, पातळ ओठ, मोहरांसाठी दरवाजा उघडणारा फितूर. मुलं त्याला दगड मारत. तशी सोयच श्रीरंगनं करून ठेवली होती.

बाकावर एक साठीची बाई बसली होती. तिच्या मांडीवर बाडाचं रिकामं फडकं घडी करून ठेवलेलं होतं.

"हे बाड यांच्या घरचं," मुमताज म्हणाली. "सिंधूताई खरवत. अंगणवाडीत होत्या."

हे नाव श्रीरंगला चांगलंच ठाऊक होतं. वर्षभरात या नावानं त्याला सात निरोप आले होते आणि एकालाही त्यानं उत्तर दिलं नव्हतं.

"तुम्ही कामात असाल म्हणून परत नाही लिहिलं," सिंधूताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "माझ्या पोरानं आडनाव बदललं. नोकरीच्या ठिकाणी त्याला 'काय गोंदजी, दार लावलंस का?' म्हणून हाक मारायचे. आमच्या वाडीतली अकरा घरं आता खरवत राहिली नाहीत. म्हटलं, आपल्याच घरात कागद आहेत, एकदा खरं काय ते बघू. खरंच फितूर असला, तर तसं म्हणू."

पडद्यावर पहिला पदर उमटला, मग दुसरा. तिसऱ्या पदरावर मुमताज थांबली आणि हळूहळू वाचू लागली.

"'दरवाजा म्यां उघडिला.'"

सिंधूताईंनी डोळे मिटून घेतले. श्रीरंगला क्षणभर हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची लगोलग शिसारी आली.

मुमताज पुढं वाचत होती. "'टाक्याचे पाणी नासले. चौ दिवसांत एकतीस माणूस जरीमरीने गेले. किल्लेदार दोर लावोन, अकरा असामी घेऊन कड्यावरून उतरोन गेले. मागे बायकापोरे राहिली. गनिमाने पाण्यास वाट देऊ म्हणोन शपथ वाहिली, तेव्हा उघडिला. ओलीस मी राहिलो. पुढे किल्लेदारांनी हुजुरास लिहिले की गोंदजी फितला. तेणेकरून माझा उजवा हात तोडिला. हे दुसऱ्याकडून लिहविले.'"

किल्लेदार कड्यावरून क्षणात दिसेनासे झाले, एवढंच वाक्य श्रीरंगला एका जुन्या अहवालात मिळालं होतं. त्याच वाक्यावर त्यानं पवनकेशरचं उड्डाण उभारलं होतं. पळून जाणाऱ्या माणसाला त्यानं पंख दिले होते.

"तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं!" मुमताज समजुतीनं म्हणाली. "हा कागद तेव्हा वाचताच येत नव्हता."

वाट मोकळी झाली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. श्रीरंगनं मान अर्धवट हलवलीही. मग त्याचं लक्ष सिंधूताईंकडं गेलं. त्या त्याच्याकडं विश्वासानं पाहत होत्या.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "सगळं नाही, पण शंका यावी एवढं. त्याच अहवालात खाली बारीक अक्षरात टीप होती. गडावरून वाचून आलेली माणसं दर साली गोंदजीच्या दारी धान्य पोचवत, अशी. फितुराला कोण धान्य देतं? मी ती टीप वाचली आणि सोडून दिली. मला खलनायक हवा होता."

फडक्याची घडी सिंधूताईंनी मोडली, परत घातली.

"तुम्ही हे सांगितलं नसतं," त्या अखेर म्हणाल्या, "तर मी तुम्हाला आत्ता चहा पाजला असता."

श्रीरंग मुखपृष्ठाचं पान न घेताच निघाला.

त्यानं जुने भाग मागं घेतले, जाहीर माफी मागितली, टीप लपवल्याचंही कबूल केलं. पण लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती हिंडतच राहिल्या. महिनाभर त्यानं रात्रीचा दिवस करून नवा भाग रेखाटला आणि तो घेऊन खरवतवाडीला गेला. सिंधूताईंनी ओसरीवर घोंगडी अंथरली आणि चष्मा चढवला. श्रीरंग खांबाशी उभा होता. परीक्षेच्या निकालालाही तो असा उभा राहिला नव्हता.

नव्या भागात गोंदजीच्या तळहातात प्रकाश होता. त्यानं स्पर्श केला की नासलेलं पाणी निवळत होतं.

"याला कशाला दिली ही शक्ती?" सिंधूताईंनी विचारलं. "पाणी असं निवळत असतं, तर दरवाजा उघडावा लागला असता का त्याला? साधा माणूस होता. भ्याला असेल. तरी उघडला."

"काढून टाकतो," श्रीरंग घाईनं म्हणाला.

त्या पुढं पाहत गेल्या. कड्याच्या प्रसंगाशी थांबल्या. तिथं हैबतराव दोराला लोंबकळत खाली उतरत होता. त्याचे डोळे मिचमिचे होते, ओठ पातळ. कमरेला मोहरांची थैली होती. कागदात कुठंच नसलेली. वाचकाच्या हाताशी दगडांचा ढीग तयार होता.

हे सगळं आपण कधी काढलं, श्रीरंगला आठवेना. हात आपसूक चालला असावा.

सिंधूताईंनी चष्मा उतरवून घोंगडीवर ठेवला. उन्हानं त्यांचे डोळे बारीक झाले होते.

"या हैबतरावांचंही घराणं असेल की हो कुठंतरी," त्या म्हणाल्या. "त्यांची पोरं आता कोणतं आडनाव लावतील?"