हळदपेठेतलं लिंबू

रविवारी सकाळी शरयू बेडेकरांनी जेवणाच्या टेबलावरची पोह्यांची बशी उचलली, ओलं फडकं फिरवलं, आणि फडकं जाईल तसतशी काचेखालून कृष्णा नदी वर येत गेली. आधी घाट, मग सांगलीची बाजारपेठ, मग हरिपूरची वाट. टेबलाचा पट झाला की त्यावर चहाचा कप ठेवायचा नाही, हा त्यांच्या घरातला नियम होता. ठेवल्यानं काही बिघडत नसे. फक्त नदी बिचारी कपाला वळसा घालून जाई, आणि शरयूताईंना ते बघवत नसे.

अशा टेबलांना आता सगळे 'जिवंत पट' म्हणतात. काचेखाली चित्र, चित्राखाली बारीक चुंबकांची जाळी. प्रत्येक सोंगटीच्या बुडाला एक चकती असते, तिला बैठक म्हणायचं. बैठकीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते आणि तिच्यावरून सोंगटी कोणाची ते पट ओळखतो. पाऊस कधी, भाव किती, दरोडा कुठे, हे पत्तेही पटच पिसतो आणि पटच वाटतो. शिवाय खेळणारा कसा विचार करतो, कुठे घाई करतो, कुठे रेंगाळतो हे टिपून ठेवून तो प्रत्येकाचा एक 'खेळठसा' तयार करतो. बोटाच्या ठशासारखा हाही ज्याचा त्याचा वेगळा असतो.

शरयूताईंनी आयुष्यभर दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्या. मेण कोरायची ती नाजूक हत्यारं संध्याकाळी मोकळी झाली की त्यांनी त्याच हत्यारांनी बाहुले कोरले. हॉलमधल्या काचेच्या कपाटात लहानपणच्या टीव्ही गेमच्या पिवळ्या पडलेल्या कॅसेट होत्या, परदेशातून मागवलेले राक्षस आणि योद्धे होते, एक खेळायला आणि एक नुसता बघायला, आणि मधल्या फळीवर त्यांनी स्वतः रचलेला खेळ होता, हळदपेठ. त्यात हळदीचे व्यापारी होते, बैलगाड्या होत्या, आणि हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारायचंच, "शरयू, अजून खेळण्यांतच का गं?" त्या म्हणायच्या, "हो, तुम्ही कधी येताय खेळायला?" पुढे कोणी विचारत नसे.

खेळायला यायचा तो अन्वर मुजावर. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, पलीकडच्या गल्लीतला, ताईंपेक्षा पाच वर्षांनी लहान. बेडेकरांच्या टीव्हीला पहिल्यांदा गेम जोडला गेला त्या दिवसापासून तो या घरात येत होता. तेव्हा कॅसेट चालली नाही की दोघं आळीपाळीनं तिच्यात फुंकर मारत. जिवंत पटाला फुंकरीची काही गरज नाही, पण डाव मांडला की अन्वर आजही एक फुंकर मारायचाच.

ती मारून झाल्यावर तो म्हणाला, "काय ताई, आज पण आमची धूळधाण काय?"

"दिवाळीपासून एकदा तरी जिंकलायस का?" शरयूताई खुशीत होत्या. सोंगट्यांना त्यांनी आठवडाभर बसून नवा रंग दिला होता. सगळे बाहुले बैठकांवरून सोडवून, रंगवून, परत चिकटवले होते. त्यांचे पिवळे, अन्वरचे निळे.

पण त्या दिवशी डाव भलताच फिरला. पिवळ्या गाड्या घाटात रुतल्या. पिवळ्या पेवात पाणी शिरलं. निळ्या गाड्यांना मात्र जातील तिथे गिऱ्हाईक, आणि भाव तर असा चढला की अन्वरची पोती मावेनात. त्यानं खूश व्हायला हवं होतं. तो रुमालानं मान पुसत होता.

"काय रे, जिंकतोयस आणि तोंड एवढंसं?"

"ताई, पटावरचं हे घर मला उजळलेलं दिसतंय. मंद. इथं गाडी ने, असं सांगितल्यासारखं."

"मग? योग्य चाल असते तिथे उजळतंच की. मला नेहमी दिसतं."

अन्वर रुमालाची घडी घालत बसला. शरयूताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला नाही दिसत?"

"आजच पहिल्यांदा."

त्यांनी हात लांब करून त्याची एक निळी गाडी उचलली आणि उलटी केली. बैठकीच्या बुडाला दात कोरायच्या यंत्रानं त्यांनीच कधीतरी कोरलेला 'श' होता. दुसरी उचलली, तिलाही 'श'. पिवळ्या गाड्यांखाली 'अ' होता. चिकटवताना सगळ्याच्या सगळ्या बैठकांची अदलाबदल झाली होती.

"जन्मात कधी एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात गेली नाही माझ्याकडून," त्या पुटपुटल्या. त्याचं वाईट वाटून होतं न होतं तोच दुसरी गोष्ट लक्षात आली. बैठकीबरोबर नशीबही तिकडे गेलं होतं. पिवळ्याचं नव्हे, शरयूचं नशीब. "अन्वर, हा पट मला जिंकवत होता. काय केलंयस तू?"

"लिंबू लावलं होतं," अन्वर म्हणाला.

ज्या घरात लहान पोरं असतात तिथे वापरायची ती सोय होती. पोरांच्या खेळात सगळ्यात धाकट्याला कच्चं लिंबू करतात, तो खेळतो पण बाद होत नाही. जिवंत पट बनवणाऱ्यांनी हेच नाव ठेवलं होतं. लिंबू लावलं की पट त्या खेळाडूला हळूच चांगले पत्ते देतो, त्याच्या सोंगट्या ज्या बाजूला मांडल्यात तिथूनच दिसेल असं घर उजळून चाल सुचवतो, आणि बाकी कोणाला पत्ता लागू देत नाही.

"दिवाळीच्या आधी तू एका डावात चारदा विचारलंस, कोणाची पाळी म्हणून. स्वतः केलेला नियम तुला आठवेना. आणि मग म्हणालीस, हे सगळं कोणाला तरी देऊन टाकते, रविवार बंद." अन्वरनं रुमाल खिशात कोंबला. "मला रविवार बंद करायचा नव्हता ताई. एवढंच."

"मला लिंबू केलंस? मला?"

"तू मला केलं होतंस की. आठ वर्षांचा होतो. मुद्दाम चुकायचीस."

"तुला माहीत होतं?"

"लिंबाला कळतं गं. चुकीची चाल करताना तू खिडकीबाहेर बघायचीस. मी मनात म्हणायचो, ही माझ्यासाठी हरतीये. घरी जाईपर्यंत हवेत असायचो. जिंकल्याचं काही नव्हतं त्यात. कोणीतरी आपल्याला खेळात धरून ठेवलंय, याचं होतं. ते मी विसरलो नाही."

शरयूताईंचा राग जागच्या जागी विरला, आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली. "तुला कळायचं," त्या म्हणाल्या. "मला नाही कळलं. पटाला तोंडच नाही ना रे. कुठे बघून ओळखू?"

त्या आठवड्यात अन्वर त्यांना मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी शरयूताईंचे गेल्या कितीतरी वर्षांचे खेळठसे पडद्यावर एकाखाली एक लावले. एका जागी रेघ खाली कलायला लागली होती. स्मृतिभ्रंशाची ही अगदी सुरुवात होती.

"या टप्प्यावर माणूस माझ्याकडे येतच नाही," त्या म्हणाल्या. "त्याची रोजची चाल कोणी मोजलेलीच नसते. घरच्यांना कळेपर्यंत पाच-सहा वर्षं गेलेली असतात. आता जे औषध आहे ते गेलेलं परत आणत नाही, पण आहे ते धरून ठेवतं. तुमच्याकडे धरून ठेवण्यासारखं भरपूर आहे."

"किती दिवस धरेल?"

"ते खोटं सांगणार नाही. खेळत राहा, आपल्याला दोघींनाही दिसत राहील."

परतताना शरयूताई रिक्षातून मागे पडणारा रस्ता बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "लोक म्हणायचे, खेळण्यांत वेळ फुकट घालवतेस. बघ, सगळा जमा झालेला निघाला." आणि त्यांनी अन्वरचा हात धरला. इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता. "तुझे उपकार आहेत बाबा. तुझे आणि कपाटातल्या त्या राक्षसांचे पण."

घरी आल्यावर त्यांनी मेणाचा गोळा घेतला आणि हरभऱ्याएवढं लिंबू कोरलं. देठासकट, सालीच्या बारीक खड्ड्यांसकट. त्याला स्वतःची बैठक दिली. अन्वरनं पटाच्या सोयी उलगडून दोन अटी घातल्या. एक, जो अडखळेल त्याला मदत, मग तो कोणी का असेना. दुसरी ताईंची होती. पटानं मदत केली की लिंबू त्याच्यापुढे जाऊन उभं राहिलं पाहिजे, गुपचूप काही करायचं नाही.

रविवारी डाव मांडला. बैठका दोनदा तपासल्या. अन्वरनं फुंकर मारली. लिंबू नदीच्या मधोमध उभं होतं आणि शरयूताईंची नजर पटावर कमी, लिंबावर जास्त होती. पहिला पाऊस गेला, लिंबू जागचं हललं नाही. भाव उतरले, तरी नाही. मग अन्वरनं भरलेलं पेव तसंच सोडून रिकामी गाडी मिरजेच्या रस्त्याला लावली.

लिंबू थरथरलं. काचेवरून घसरत निघालं. ते घाट ओलांडून गेलं आणि अन्वरच्या पुढ्यात जाऊन थांबलं.

"घ्या! म्हातारपणी परत मीच लिंबू!" अन्वरनं कपाळावर हात मारला आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

हसता हसता शरयूताईंना ती चाल आठवली. गाडी पुढे सरकवताना अन्वर कुठे बघत होता? खिडकीबाहेर. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या बँकेची कोरी भिंत होती. पटाला चाली कळतात, चेहरे कळत नाहीत. त्याला वाटलं, हा माणूस अडखळला.

पण त्यांना कळलं होतं. आणि आपल्याला कळलं, या एका गोष्टीचा त्यांना जिंकण्याहून मोठा आनंद झाला. त्यांनी पटाकडे बघितलं. त्यांच्यापुढे एकही घर उजळलेलं नव्हतं. त्यांनी सावकाश विचार करून आपली पिवळी गाडी उचलली आणि अन्वरनं सोडलेल्या पेवावर नेऊन ठेवली.

"अन्वर," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही मला हे कळेल ना रे?"

"काय?" अन्वरनं विचारलं, आणि परत खिडकीबाहेर बघितलं.