चिंचेशिवाय चकचकणारी कळशी

कोरेटोल्यातल्या बायकांनी सोन्याच्या खाणीचे जाहीर आभार मानले, त्याच दुपारी रैजीच्या धाकट्या भावाला, लालसूला, उलट्या सुरू झाल्या.

आभाराचं कारण असं, की खाणीखालच्या ओढ्यात पितळेची कळशी नुसती बुचकळली तरी लखलखायची. चिंच नको, घासणं नको. पाणीही काचेसारखं नितळ. गावाशी गोड बोलायला खाणीने एक यंत्रमानव नेमला होता. तो कधीच चिडत नसे, म्हणून गावाने त्याचं नाव शांताराम ठेवलं होतं. "ग्रामस्थ समाधानी," असं त्याने लगेच वर कळवूनही टाकलं.

गाव हातपंपाचं पाणी प्यायचं. लालसू मात्र खेळता खेळता ओढ्याचं प्यायला होता. आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रैजी धावत सुटली ती ओढ्याकाठी उभ्या शांतारामकडे.

"या पाण्यात काय आहे रे?"

"पाणी नितळ आहे. काळजीचं कारण नाही."

"मग खेकडे कुठे गेले?"

"खेकड्यांची तक्रार आलेली नाही."

"शांत्या, कळशी चिंचेने का घासतात?"

"चिंचेतलं आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवतं."

"आणि ओढ्यात चिंच कोण टाकतं?"

शांतारामच्या बोटात आम्लता (आंबटपणाचं प्रमाण) मोजायची सोय होती. ती वापर असं आजवर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने बोट पाण्यात बुडवलं.

"ताकाहून आंबट. तांबंही विरघळलेलं आहे. रैजी, काळजी कर. दवाखान्याची गाडी बोलावली."

गाडी येऊन लालसूला आणि आईला घेऊन गेली. रैजी शांतारामकडे वळली. "आंबट झालं कसं?" तिने विचारलं.

शांतारामने वरच्या दगडांच्या ढिगाकडे हात केला. "त्यात पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) आहे. जमिनीच्या पोटात ते युगानुयुगं निजलं होतं. सोन्यासाठी दगड फोडले, तशी त्याला हवा लागली, पाणी लागलं. तिघं भेटले की आम्ल बनतं. ते दगडातलं तांबं विरघळवतं आणि खाली ओढ्यात उतरतं."

"पण पाणी इतकं स्वच्छ!"

"शेवाळ मेलं, किडे मेले. घाण करायला उरलंय कोण?"

"आता रे?"

"ढिगावर चिकणमातीची जाड गोधडी घालायची, म्हणजे हवा-पाणी आत जाणार नाही. पाण्याच्या वाटेत चुनखडी टाकायची. ती आम्ल मारते."

चार दिवसांनी लालसू घरी आला आणि आल्याआल्या भात मागू लागला. त्याच आठवड्यात ग्रामसभेत खाणीचे मॅनेजरसाहेब म्हणाले, "ओढा लवकरच स्वच्छ होईल."

"बरं," रैजीची आई उठली. "साहेब, ओढा स्वच्छ झाला असं तुम्ही म्हणाल, त्या दिवसापासून तुमच्या हापिसातला चहा याच पाण्याचा."

सगळ्या गावाने हात वर करून ठराव मंजूर केला. दुसऱ्या सकाळी चिकणमातीच्या गाड्या घाट चढू लागल्या.

साहेब अजून 'स्वच्छ झाला' असं म्हणालेले नाहीत. रोज ओढ्यावर येऊन शांतारामला विचारतात, "आज आंबटपणा किती?" ग्रामसभेच्या ठरावामुळे शांतारामला उत्तर गावासमोर, मोठ्याने द्यावं लागतं. आकडे हळूहळू सुधारताहेत.

परवा रैजी ओढ्यातल्या दगडावरून सपशेल घसरली. हिरवी बुळबुळ! गुडघा फुटला तरी ती हसत सुटली.

साहेब वाकून दगड बघत म्हणाले, "म्हणजे चहा ठेवायचा?"

"थांबा हो," रैजी म्हणाली, "आधी हिला वाढू द्या."