राहती खोली

प्लेगच्या त्या साली निपाणीत उंदीर पडू लागले, तसं सगळं गाव घरांना कुलपं घालून माळावरच्या झोपड्यांत गेलं. वखारीमागच्या सहा खोल्यांचे भाडेकरूही तिथंच होते. त्या दिवशी सकाळी मालकाचा निरोप आला. बंद दिसेल ती खोली सोडली असं धरून दुपारी त्याचं कुलूप पडेल, आत तंबाखूची पोती रचली जातील. राहत्या माणसाला मात्र तो उठवणार नव्हता.

"जीव वाचला तर खोली मिळंल की कुठंबी," भाडेकरूंतले वडीलधारे परशरामआप्पा विडी झटकत म्हणाले.

"कुठं मिळंल, आप्पा? एवढ्या भाड्यात गोठा तरी मिळतोय व्हय?" तारामती उसळली. मुलींच्या शाळेत शिकवणारी एकटी पोर; आई गेल्यावर ती एक खोलीच तिला उरली होती. "तुमी बसा विड्या ओढत. किल्ल्या द्या सगळ्यांच्या."

ती पोचली तेव्हा उन्हात गाव उताणं पडलं होतं. रोग मरावा म्हणून कौलं काढलेल्या छपरांतून ऊन थेट थंड चुलींवर उतरत होतं. कुत्रं नाही, जात्याची घरघर नाही. औषधाच्या पाण्याचा उग्र वास तेवढा भिंतींतून येत होता.

तिचा बेत सोपा होता. मालकाचा कारभारी मारुतीराव प्लेगला इतका भ्यायचा, की उंबरा ओलांडणार नाही, बाहेरूनच हाक मारणार. तिनं सहाही कुलपं काढली, पुढच्या दारांना आतून कड्या घातल्या आणि मागची दारं नुसती ओढून परड्यात आली. हाक पडेल त्या खोलीत शिरायचं, ओ द्यायची. तिची स्वतःची खोली शेवटची.

नाकाला कापराची पुरचुंडी लावून मारुतीराव आला.

"गुणाबाई! हाईस का?"

"हाय की," तारामतीनं घसा खरवडला.

"म्हातारे, अजून मेली न्हाईस?"

"तुला पोचवून जाईन म्हंते!"

बाहेर कुलपांचा जुडगा खुळखुळला, पुढं सरकला. दुसऱ्या खोलीत ती तिथल्या भाडेकरूसारखी, बाहुबलीसारखी, जाड आवाजात खोकली. तिसरी, चौथी... पाचव्या दाराशी मारुतीराव रेंगाळला. धोंडूबाईचा नवरा कुठं, पोरं कुठं, विचारत बसला. ती उत्तरं देत राहिली. मग पावलं सहाव्या दाराकडं वळली, तशी तिनं परड्यात उडी घेतली, आपलं मागचं दार ढकललं.

दार हललं नाही.

तिनं खांदा लावला. कडी आतून होती. घटकेपूर्वी तिनंच ते ओढलं होतं, आणि तेव्हा आत कुणी नव्हतं.

"तारामती! ए मास्तरीण..."

परड्यातून ओरडावं, तर तो वळसा घालून मागं येणार. एका खोलीपायी सहाही जाणार. तिनं तोंडावर पदर दाबला.

"न्हाय वाटतं..." मारुतीराव पुटपुटला. हातातल्या कुलपात किल्ली फिरली.

"ओ..."

आवाज आतून आला. म्हातारीचा घोगरा नव्हता, उसना खोकला नव्हता. वर्गात हजेरी घेताना निघायचा, तो तारामतीचा स्वतःचा आवाज.

"काय करतीस गं आत?"

"ऱ्हातीय... हितंच ऱ्हानार."

मारुतीराव जवळजवळ पळतच गेला. बोळ पुन्हा गप्प झाला. तारामतीचा तळवा अजून दारावर होता. लाकडाच्या पलीकडं, अगदी बोटांच्या अंतरावर, कुणीतरी सावकाश कडी काढली. दार उघडलं नाही. नुसती कडी निघाली.

पावसाळ्याआधी गाव परतलं. सहाही खोल्या राहिल्या. "म्हटलं न्हवतं, मिळंल म्हणून?" आप्पा म्हणाले. तारामतीही आपल्या खोलीत परतली. तेवढ्या भाड्यात दुसरीकडं जाणार कुठं?

दाराशी कुणी हाक मारली, की ती आधी आतल्या अंधाराकडं कान देई, मगच ओ देई. पण एका संध्याकाळी पहिल्या खोलीतली गुणाबाई कावून म्हणालीच, "तारा, एक हाक मारली की दोनदा का गं ओ देतीस?"